परदेशी विद्यापीठात एक सत्र : कोकणातल्या महाविद्यालयातून जाण्यापूर्वी काय ठरवून घ्यावे?

पूर्णगडचा_बागायतदार :

नमस्कार. माझी मुलगी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला असून प्राणिशास्त्र हा तिचा मेजर विषय आहे. उत्तर जर्मनीत, बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या एका विद्यापीठाशी तिच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा करार आहे आणि येत्या एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या तिथल्या उन्हाळी सत्रासाठी महाविद्यालयाने तिचे नाव सुचवले आहे. शिक्षणशुल्क तिथे भरावे लागणार नाही, इथलेच भरायचे, एवढे आम्हाला सांगण्यात आले. होकार कळवायला महिन्याभराची मुदत आहे.

आमच्या घरातून आजवर कोणी शिकण्यासाठी मुंबईच्या पुढे गेलेले नाही, त्यामुळे कोणाला विचारावे हेच कळत नाही. मुलीची जायची तयारी आहे आणि तिला अडवण्याचा माझा अजिबात विचार नाही. तिची आईही मनाने तयार झाली आहे. एप्रिल म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम आणि पेट्यांचा सगळा हिशेब तीच सांभाळते, पण त्यासाठी माणूस बघता येईल. खरी धास्ती वेगळी आहे. सहाव्या सत्राची परीक्षा एप्रिलमध्येच असते, ती बुडाली तर काय करायचे? तिकडे शिकलेले इकडे धरले गेले नाही तर वर्ष वाया जाईल का? तिला पुढे चौथे वर्ष करून ऑनर्सची पदवी घ्यायची आहे. खर्च नेमका किती येईल आणि एवढा खर्च करून एका सत्रात पदरात काय पडते, हेही अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

समन्वयक_रायगड :

आपल्या मुलीचे मनापासून अभिनंदन. मी रायगड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांचे काम पाहतो. आपली धास्ती अगदी योग्य जागी आहे. पैशांची सोय घरे कशीबशी करतात; परदेशातले सत्र अडते ते वेळापत्रकावर आणि क्रेडिटवर. म्हणून आधी तेच सविस्तर लिहितो.

जर्मनीत उन्हाळी सत्र कागदोपत्री १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे धरतात. उन्हाळी सत्राचे प्रत्यक्ष वर्ग एप्रिलच्या पूर्वार्धात सुरू होऊन साधारण जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्या आगेमागे होतात. आपल्याकडे विषम सत्र जून-जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत आणि सम सत्र तिथून एप्रिल-मेपर्यंत चालते. त्यामुळे जो विद्यार्थी हिवाळी सत्राला जातो त्याची इथली दोन सत्रे अर्धी अर्धी कापली जातात, कारण एकाची परीक्षा चुकते आणि दुसऱ्याचे बरेचसे वर्ग चुकतात. उन्हाळी सत्र त्या मानाने पुष्कळ सोयीचे आहे, कारण ते आपल्या सहाव्या आणि सातव्या सत्राच्या मधल्या फटीत बरेचसे बसते. फिनलंड किंवा नॉर्वे इथली शरद सत्रे ऑगस्ट-सप्टेंबर ते डिसेंबर अशी असतात आणि ऑस्ट्रेलियाचे दुसरे सत्र जुलै ते नोव्हेंबर असते, त्यामुळे ती आपल्या विषम सत्राशी अधिक जुळतात. पण शुल्कमाफीचा लाभ जिथे करार आहे तिथेच मिळतो, म्हणून आपल्यापुढे आज जर्मनीचाच पर्याय आहे असे धरून चालू.

सहाव्या सत्राची परीक्षा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार असेल तर प्रश्न मिटतो. तशी ती संपणार नसेल, तर तिच्यासाठी परीक्षा आधी घेता येईल का, किंवा परतल्यावर पुरवणी परीक्षेला बसताना तिचा तो पहिलाच प्रयत्न मानला जाईल का, हे परीक्षा विभागाकडून आत्ताच लेखी घ्यावे. महाविद्यालय स्वायत्त आहे ही आपली मोठी जमेची बाजू आहे. संलग्न महाविद्यालयाला अशा प्रत्येक गोष्टीसाठी विद्यापीठाच्या तोंडाकडे पाहावे लागते. स्वायत्त महाविद्यालयाचे स्वतःचे अभ्यासमंडळ आणि स्वतःची विद्यापरिषद असते आणि मनात आणले तर एका बैठकीत ठराव होऊ शकतो.

आता क्रेडिट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या रचनेत आपल्याकडे एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. युरोपात ईसीटीएस नावाची पद्धत आहे, तिच्यात वर्षाला ६० आणि सत्राला ३० क्रेडिट असतात. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे काम, आणि ईसीटीएसमध्ये एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. तासांवर पाहिले तर दोन्ही जवळपास सारखी दिसतात, सत्रावर पाहिले तर तिकडची तीन म्हणजे इकडची दोन ठरतात. हा हिशेब तासांवर करायचा की सत्रावर, हे विद्यार्थी परतल्यावर ठरवायला घेतले की वाद होतात, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि निकाल राखीव राहतो. मी नेहमी तीनास दोन हेच गुणोत्तर ठरावात लिहून घ्यावे असे सांगतो, कारण त्यात कोणीही हरकत घेण्यासारखे काही राहत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे क्रेडिट आपल्या कोणत्या खान्यात पडणार, ते. पहिल्या दोन वर्षांत भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, भारतीय भाषा असे जे अभ्यासघटक असतात त्यांना जर्मनीत जोडीदार मिळत नाही. चौथ्या वर्षात ती अडचण उरत नाही. सातव्या सत्रातला चार क्रेडिटचा इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा पेपर, आणि चार क्रेडिटची संशोधनपद्धती असे मिळून आठ क्रेडिट तिकडच्या बारा क्रेडिटमधून भागवता येतील. मेजरचे उरलेले पेपर तिने ऑगस्टमध्ये परतून इथेच पूर्ण करावेत. जून-जुलैच्या उपस्थितीची सूटही त्याच ठरावात नमूद करून घ्यावी, नाहीतर सत्राच्या शेवटी पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आडवा येतो.

हे सगळे ज्या कागदावर उतरते त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. त्यावर विद्यार्थी, आपले महाविद्यालय आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. तिकडच्या विषयाचे नाव आणि क्रेडिट एका बाजूला, त्याबदली इकडचा कोणता पेपर माफ होणार ते दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी असते. पुष्कळ ठिकाणी डावी बाजू भरून उजवी कोरी ठेवतात आणि ‘आल्यावर बघू’ असे सांगतात. उजवी बाजू कोरी असेल तोवर होकार कळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणाऱ्या राष्ट्रीय ऑनलाइन खात्यात, परदेशी विद्यापीठ स्वतः काही जमा करत नाही. आपल्या महाविद्यालयाने समकक्षता देऊन ते क्रेडिट आपल्या गुणपत्रकात घेतले, की मग ते तिच्या खात्यात दिसतात.

बाणकोट_खाडी :

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठवणाऱ्या पालकांची कामे अनेक वर्षे केली आहेत, म्हणून खर्चापुरते लिहितो. जर्मनीच्या व्हिसासाठी निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून तिची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाखांच्या घरात. हे पैसे ब्लॉक्ड खात्यात ठेवतात आणि तिथे पोहोचल्यावर दरमहा ठरलेला हप्ता हातात येतो, म्हणजे तो खर्चच असतो पण एकदम आधी उभा करावा लागतो. विमानाचे तिकीट आणि व्हिसाचा खर्च वेगळा. आरोग्यविमा सक्तीचा असतो आणि तिथल्या सार्वजनिक विम्याचा विद्यार्थ्यांसाठीचा हप्ता महिन्याला दीडशे युरोच्या आसपास जातो, तो मात्र या ९९२ युरोंतूनच भागवायचा असतो. शिक्षणशुल्क नसले तरी सत्रशुल्क म्हणून काही रक्कम विद्यापीठे घेतात, ती करारात माफ आहे का ते पाहावे. परदेशी पाठवलेल्या रकमेवर उगमस्थानी जो कर कापला जातो तो एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवरच लागतो, तेव्हा त्याची चिंता नको.

आता माझे मत, जे कदाचित इथे कोणाला आवडणार नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणालाही शुल्क नाही. एका सत्रासाठी सहा-सात लाख घालवण्याऐवजी तेच पैसे राखून ठेवावेत आणि मुलीने दोन वर्षांनी पूर्ण एम. एस्सी.साठी जावे, म्हणजे हातात पदवी तरी येते. बागायतदाराच्या घरात एखादे वर्ष थ्रिप्स किडीने किंवा अवकाळी पावसाने मोहोर गेला तर हे सहा लाख फार मोठे वाटतात. बँकेच्या खिडकीपलीकडे उभे राहणारे पालक मी पाहिलेले आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितो आहे.

समन्वयक_रायगड :

बाणकोट_खाडी यांचा मुद्दा गंभीर आहे, म्हणून एक माहिती जोडतो. युरोपीय संघाच्या इरास्मस प्लस कार्यक्रमात युरोपबाहेरच्या भागीदार संस्थांमधून येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्तीची सोय आहे. देशानुसार महिन्याला ८०० ते ९०० युरो आणि अंतरानुसार प्रवासखर्च दिला जातो. मात्र विद्यार्थ्याला स्वतंत्र अर्ज करून ती मिळत नाही. युरोपातल्या विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयाचे नाव घालून निधी मिळवलेला असावा लागतो. तेव्हा आपला करार नुसत्या शुल्कमाफीचा आहे की त्यामागे इरास्मसचा निधी आहे, हा प्रश्न उद्याच विचारावा. निधी असेल तर सहा लाखांचा आकडा अगदी लहान होतो, आणि शिष्यवृत्तीचे पत्र तेवढ्या रकमेचे असेल तर व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्याचीही गरज उरत नाही.

मर्यादवेल :

मी मालवणची. प्राणिशास्त्र हाच माझाही विषय, आणि अशाच करारातून मी बाल्टिकच्या काठावर उन्हाळी सत्र करून आले, म्हणून काकांच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे पदरात काय पडते या प्रश्नाला, जरा सविस्तर उत्तर देते.

आपल्याकडे किनाऱ्यावर कामाला जायचे तर आधी तिथी बघतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, हे मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या कालवे काढणाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. उधाणाला ओहोटी लांबवर जाते, एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात आणि तेवढ्या वेळात काम उरकावे लागते. पदवीच्या पहिल्या वर्षापासून मी किनारा म्हणजे भरती-ओहोटीमधला पट्टा असेच शिकले होते. बाल्टिकला पोहोचल्यावर पहिल्याच प्रात्यक्षिकात लक्षात आले की त्या समुद्राला जवळजवळ भरती-ओहोटीच नाही. चंद्रामुळे होणारा फरक जेमतेम वीतभर. पाणी वरखाली होते ते प्रामुख्याने वाऱ्याने ढकलल्यामुळे. आणि ते पाणी खारटही नाही म्हटले तरी चालेल. आपल्या अरबी समुद्रात लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या वर क्षार असतात. तिथे पश्चिमेकडे दहा ते वीस आणि उत्तरेच्या टोकाला तर दोन-तीनच. ज्या दोन गोष्टींवर माझे सगळे किनाऱ्याचे ज्ञान उभे होते त्या दोन्ही तिथे नव्हत्या.

आमच्या गटाला धक्क्याच्या लाकडी खांबांवरून निळे शिंपले खरवडून काढायचे, धुऊन, व्हर्नियर कॅलिपरने एकेकाची लांबी मोजायची आणि विभागाकडे असलेल्या इतर ठिकाणच्या नमुन्यांशी ताडून पाहायची, असे काम होते. उत्तर समुद्राकडचे शिंपले बोटाएवढे लांब, आणि जसजसे पूर्वेकडे गोड्या पाण्यात जावे तसतसे ते लहान होत शेवटी नखाएवढे. कूळ तेच, क्षार कमी, म्हणून वाढ खुंटलेली. अध्यापिकेने ते टेबलावर ओळीने मांडले आणि मला विचारले, की तुमच्याकडे पावसाळ्यात नदीचे पाणी खाडीच्या तोंडाशी येते तेव्हा तिथल्या शिंपल्यांचे काय होते? आमच्याकडचे शिनाणे, म्हणजे खडकांना चिकटणारे हिरवे शिंपले, मी लहानपणापासून खाल्ले आहेत, खाडीच्या तोंडावर आणि उघड्या समुद्रातल्या खडकांवर ते दोन्हीकडे पाहिले आहेत, पण हा प्रश्न मला इथे राहून कधीच पडला नव्हता. परतल्यावर तोच माझ्या प्रकल्पाचा विषय झाला. काका, एका सत्रात पदरात काय पडते याचे माझे उत्तर हे आहे. आपला किनारा दुसऱ्या किनाऱ्याशेजारी ठेवून पाहता येतो, आणि तो पुस्तकातून तसा दिसत नाही.

शिकवण्याची पद्धतही वेगळी आहे. वर्गात लिहून देणे हा प्रकार नाही. प्रात्यक्षिकाचा अहवाल कच्च्या नोंदींसकट द्यावा लागतो. तो शेऱ्यांसह परत येतो आणि सुधारून पुन्हा द्यावाच लागतो. काही विषयांची परीक्षा तोंडी असते, अर्धा तास समोर बसून. परीक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, ती विद्यापीठाच्या पोर्टलवर ठरलेल्या मुदतीतच होते, आणि नोंदणी नसेल तर वर्गात नियमित बसलेल्या विद्यार्थ्यालाही परीक्षा देता येत नाही. ही गोष्ट मुलीला निघण्यापूर्वी सांगून ठेवा.

भाषेबद्दल मात्र सावध करते. जर्मनीत पदवीचे बहुतेक वर्ग जर्मनमधून चालतात. इंग्रजीतून असतात ते मुख्यतः पदव्युत्तर. सातव्या सत्राच्या विद्यार्थिनीला पदव्युत्तर वर्गांचे काही विषय घेऊ देतात का, हे त्या विभागाला ईमेल करून आधी विचारायला हवे. आणि जर्मन शिकायला लगेच सुरुवात करायला हवी. कोकणात वर्ग नाहीत, पण मुंबई-पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्णगडात बसूनही करता येतात. दुकानात, बसमध्ये, वसतिगृहाच्या कार्यालयात इंग्रजीवर भागते असे गृहीत धरू नये.

राहण्याचे म्हणाल, तर विद्यार्थी-कल्याण संस्थेच्या वसतिगृहात खोली मिळणे सर्वांत चांगले, पण त्यासाठी निवड झाल्याबरोबर अर्ज करावा लागतो. पोहोचल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा किंवा वसतिगृहाचा दाखला लागतो. रविवारी दुकाने बंद असतात. जूनमध्ये रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे सुरुवातीला झोपेचे गणित चुकते. घरची आठवण फार येते, विशेषतः इकडे पाऊस सुरू झाल्याची बातमी येते त्या दिवसांत. पण सोबत इतर देशांतले विद्यार्थी त्याच अवस्थेत असतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात.

पूर्णगडचा_बागायतदार :

आपण सगळ्यांनी एवढे मनापासून लिहिलेत, त्याबद्दल फार आभारी आहे. मर्यादवेल, तुझा शिनाण्यांचा मजकूर मी मुलीला आणि तिच्या आईला वाचून दाखवला. मुलगी तेव्हापासून पूर्णगडच्या खाडीच्या तोंडावर जाऊन काय काय पाहून येते आहे.

आज महाविद्यालयात जाऊन आलो. करार नुसत्या शुल्कमाफीचा आहे, इरास्मसचा निधी त्यामागे नाही. सहाव्या सत्राची लेखी परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपेल असे परीक्षा विभागाने सांगितले. लर्निंग ॲग्रीमेंटचा नमुनाही दाखवला, आणि समन्वयक सरांनी म्हटल्याप्रमाणे त्याची उजवी बाजू कोरीच होती. ती भरून द्या, अशी विनंती प्राचार्यांना लेखी केली आहे. एक शंका राहिली. जर्मनीतले गुण इथे कसे धरतात?

समन्वयक_रायगड :

लेखी विनंती केलीत हे उत्तम झाले. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी, ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. आपल्या दहाच्या मापाला सरावलेल्या कार्यालयाने १.७ पाहिले की ते कमी वाटते, प्रत्यक्षात ते फार चांगले असते. परदेशी गुण स्वतःच्या मापात बदलण्यासाठी जर्मन विद्यापीठे एक सूत्र वापरतात. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला सर्वोच्च आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. आपल्याकडे शंभरापैकी चाळीसला उत्तीर्ण धरले तर सत्तर गुणांचे २.५ होतात. हेच सूत्र उलटे फिरवले की तिकडच्या २.० चे इकडे ऐंशी गुण येतात. आपल्या महाविद्यालयाने हे सूत्र वापरावे किंवा स्वतःचा तक्ता करावा, पण तो ठरावाला जोडलेला असावा. तिकडून गुणपत्रक यायला परीक्षेनंतर काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात, तेव्हा सातव्या सत्राचा निकाल लावताना ते हाती असेल याची काळजी घ्यावी.

रापण :

मी वेंगुर्ल्याचा. परदेशाची चर्चा चालू आहे, पण देशातल्या देशात एक सत्र करण्याचा पर्याय कोणीच मांडला नाही, म्हणून लिहितो. एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रबंध मी कोचीतल्या एका विद्यापीठात केला. नेत्रावती किंवा मंगला एक्स्प्रेसने कोकणातून निघालो की दुसऱ्या दिवशी एर्नाकुलम. व्हिसा नाही, ब्लॉक्ड खाते नाही, खर्च इथल्या वसतिगृहापेक्षा थोडा अधिक. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुख्यालय तिथेच असल्याने ग्रंथालय आणि मार्गदर्शन दोन्ही हाताशी. ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या २०२१ च्या नियमांनुसार पदवीचे निम्मे क्रेडिट मूळ संस्थेत मिळवलेले असले की उरलेले इतर नोंदणीकृत संस्थांमधून आणता येतात, आणि दोन्ही संस्था देशातल्याच असल्याने क्रेडिट जमा होण्यात मला फारशी अडचण आली नाही.

मर्यादवेल हिने म्हटलेले शेजारी ठेवून पाहणे तिथेही होते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. केरळात ट्रॉलरबंदी ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत बावन्न दिवस असते, आणि अलप्पुळाच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात चिखलाचे बांध तयार होऊन त्यांच्या आडोशाला समुद्र शांत राहतो. त्याला ते लोक चाकर म्हणतात, आणि तिथे ऐन पावसात लहान होड्या मासे मारतात. एकच अरबी समुद्र, एकच पावसाळा, आणि तरी दोन किनाऱ्यांचे नियम वेगळे आणि त्यांची कारणेही वेगळी. ज्या घरांना सहा लाख परवडत नाहीत त्यांनी हा मार्ग कमी दर्जाचा समजू नये. आपल्या महाविद्यालयांनी मंगळूर, गोवा, कोची इथल्या विद्यापीठांशी असे करार का करू नयेत, हे मला खरोखर कळत नाही. रेल्वे तर १९९८ पासून आहे.

बाणकोट_खाडी :

रापण यांची सूचना मला फार पटली. करार देशातला असता तर मी पहिल्याच उत्तरात हो म्हटले असते. जर्मनीबाबत माझा प्रश्न मात्र अजून तसाच आहे : हेच सगळे पूर्ण एम. एस्सी.त मिळणार नाही का?

मर्यादवेल :

मिळेल, आणि तुम्ही म्हणता तसे हातात पदवीही येईल. पण दोन वर्षांसाठी जायचे की नाही, कोणत्या विषयासाठी, कोणत्या विभागात, हे इथे बसून ठरवताना बहुतेक जण संकेतस्थळावरचे फोटो आणि एजंटांचे सल्ले यांवर ठरवतात. माझ्याबरोबरची एक मुलगी सत्र संपताना म्हणाली की मला इथे राहायचे नाही, मला माझ्याच किनाऱ्यावर काम करायचे आहे, आणि आज ती ते करते आहे. दोन वर्षांचा खर्च करून हे कळले असते तर तिच्या घराला ते फार जड गेले असते. शिवाय या सत्रात इथली पदवी चालूच राहते, परतीची जागा पक्की असते. आणि काकांच्या मुलीचे वेळापत्रक पाहता ती जाणार ते दिवस पाहा : जून-जुलैमध्ये आपल्याकडे समुद्र बंद, खडकांवर उतरता येत नाही, नमुने गोळा करता येत नाहीत. समुद्रावर काम करणाऱ्या विद्यार्थिनीने कोकणातून बाहेर राहायचे तर याहून बरा काळ नाही. मात्र पैसे कर्जाने उभे करावे लागणार असतील तर मीही बाणकोट_खाडी यांच्या बाजूने आहे. एका सत्रासाठी बागेवर कर्ज काढू नये.

पूर्णगडचा_बागायतदार :

कळवायला आनंद होतो की काल अभ्यासमंडळाची बैठक झाली. तिकडचे बारा क्रेडिट आणि इकडचे आठ, संशोधनपद्धती आणि इलेक्टिव्हच्या बदली, असा ठराव झाला. जून-जुलैच्या उपस्थितीची सूट आणि गुणबदलाचा तक्ता त्याला जोडला आहे. विद्यापरिषदेची मान्यता पुढच्या महिन्यात मिळेल, पण प्राचार्यांनी ठरावाची प्रत सहीनिशी दिली. तिकडच्या विभागानेही पदव्युत्तर वर्गातले दोन विषय इंग्रजीतून घेऊ देण्याचे कळवले आहे. पैशांचे म्हणाल तर कर्ज काढावे लागणार नाही. गेल्या दोन हंगामांचे बाजूला ठेवलेले आहेत आणि कलमांच्या छाटणीचे काम एक वर्ष पुढे ढकलले आहे. आम्ही होकार कळवला. मुलीने जर्मनचा ऑनलाइन वर्ग सुरू केला आहे.

रापण यांची सूचना मी प्राचार्यांपुढे मांडली. कोचीशी करार करण्याबाबत प्रस्ताव तयार करायला त्यांनी विभागाला सांगितले आहे.

करार दोन्ही बाजूंचा असल्याने पुढच्या हिवाळ्यात तिकडच्या दोन विद्यार्थिनी आपल्याकडे यायच्या आहेत आणि महाविद्यालयाला त्यांच्या राहण्याची चिंता आहे. आमच्या घरी वरची खोली मोकळी आहे. त्या आमच्याकडे राहू शकतील का, आणि त्यासाठी मला काय करावे लागेल?

समन्वयक_रायगड :

ही फार मोठी गोष्ट आपण करू पाहत आहात. आपल्या किनाऱ्यावरचे पुष्कळ करार एकाच बाजूने चालतात आणि म्हणूनच काही वर्षांनी बंद पडतात, कारण जेवढे विद्यार्थी येतात तेवढेच पाठवता येतात, हा त्यांचा पाया असतो आणि आपल्याकडे येणाऱ्यांची सोय कोणी करत नाही. घरी ठेवायला हरकत नाही. परदेशी नागरिक राहायला आल्यापासून चोवीस तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वी याला फॉर्म सी म्हणत) ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी घरमालक म्हणून आपली नोंदणी आधी करून ठेवावी, कारण तिच्या मंजुरीला वेळ लागतो. त्यांचा व्हिसा विद्यार्थी व्हिसा आहे ना, हे महाविद्यालयाने निमंत्रणपत्र देतानाच पाहावे. फॉर्म भरताना काही अडले तर इथेच विचारा, मी आमच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांचे भरलेले आहेत.